अळंबीवरील केमरे ओळखण्याची रीत

पावसाळ्यात आरे वसाहतीत किंवा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुजक्या ओंडक्यावरील अळंबीभोवती जी केमरे, म्हणजे चिलटांसारख्या बारीक माश्या, घोंघावतात, ती सगळी एकाच प्रकारची नसतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि थोडा धीर असेल, तर त्यांचे कूळ बहुधा जागेवरच सांगता येते. त्यासाठी अळंबी उपटू नये. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीही उचलण्यास मनाई आहे, शिवाय धक्का लागताच माश्या उडून जातात. जमिनीलगत वाकून छत्रीच्या खालच्या बाजूकडे कडेने पाहावे आणि मोबाइलला लावायच्या मॅक्रो भिंगाने छायाचित्रे घ्यावीत.

सर्वप्रथम पंख मोजावेत. माशीला पंखांची एकच जोडी असते. बिनपंखाचा, टुणकन उडी मारणारा जीव माशी नव्हे. त्यानंतर मिशा पाहाव्यात, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. मिशा लांब आणि अनेक पेरांच्या असून पाठीला कुबड, पाय लांब व काटेरी असतील, तर ती मायसेटोफिलिडी कुळातील असण्याची शक्यता मोठी. काळपट अंगाची, धुरकट पंखांची केमरे बहुधा सायरिडी कुळातील असतात. त्यांच्या पंखाच्या मध्यभागी एका शिरेला ठळक दुबेळके फुटलेले दिसते आणि छायाचित्र मोठे करून पाहिल्यास दोन्ही डोळे मिशांच्या वर अरुंद पट्टीने जोडलेले आढळतात. ही पट्टी दिसली की शंका जवळजवळ उरत नाही.

मिशा आखूड असतील, तर चाल पाहावी. फोरिडी कुळातील कुबडी माशी उडण्याऐवजी झटके देत, थांबत थांबत धावते. ही चाल एकदा नजरेत बसली की भिंगाचीही गरज पडत नाही. लाल डोळ्यांची, संथ चालणारी, मिशीवर पिसासारखा केस असलेली माशी ड्रॉसोफिलिडी कुळातील, म्हणजे केळ्यांवर बसणाऱ्या चिलटांची नातलग.

अळंबीवर माश्या बसतात म्हणून ती खाण्याजोगी आहे, असे कृपया समजू नये. ड्रॉसोफिलाच्या काही जातींच्या अळ्या विषारी अमानिटा अळंबीतही सुखाने वाढतात.

सोसायटीच्या बागेत उगवलेली जुनी अळंबी मात्र बरणीत ओल्या काथ्याच्या भुशावर ठेवून तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. हे मला सर्वांत खात्रीचे वाटते, कारण अळंबीवर नुसती टेकलेली माशी आणि तिच्यातच वाढलेली माशी यांतला फरक त्यातूनच कळतो. पारदर्शक अंगाची, चकचकीत काळ्या डोक्याची अळी सायरिडी किंवा मायसेटोफिलिडी कुळाकडे बोट दाखवते. पुढे निमुळती, डोके न दिसणारी पांढरी अळी फोरिडी किंवा ड्रॉसोफिलिडीची असू शकते. काही आठवड्यांत प्रौढ माश्या बाहेर पडतात. त्या सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवून सोबत तारीख, ठिकाण आणि अळंबीचे वरून व खालून घेतलेले छायाचित्र जपावे, कारण नेमकी जात ठरवण्यासाठी तज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली नराची जननांगे पाहावी लागतात आणि या नोंदींवाचून त्या नमुन्याला फारसे मोल राहत नाही.