क्लोजअप घेताना मोबाइल नाकाशी नेऊ नका

मोबाइलवर शॉर्टफिल्म करताय? मुख्य लेन्स वाइड, म्हणजे जास्त जागा टिपणारी असते. वीतभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे पळतात आणि रडवेला प्रसंग विनोदी होऊन बसतो. मागे या, २एक्स किंवा ३एक्स झूम लावा. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच राहील, पण मागचा कठडा, दोरीवरचे कपडे जवळ ओढल्यासारखे दिसतील. गिरगावच्या चाळीतली दाटी दाखवायला हे फार कामाचं. खोलीत मागे सरकायला जागा कुठली? मग खुशाल बाहेर गॅलरीत उभे राहून दारातून शूट करा. चौकटही आयती मिळते. एक खोड लक्षात ठेवा: उजेड कमी असला की काही मोबाइल गुपचूप मुख्य लेन्सचंच चित्र कापून देतात. टेली (लांबचं जवळ दाखवणाऱ्या) लेन्सवर बोट ठेवून बघा, स्क्रीन काळी झाली नाही तर फसलात. दिवा वाढवा.

एकटेपणा हवा असेल तर उलट: वाइड लेन्स, मोबाइल कोपऱ्यात, माणूस समोरच्या भिंतीशी. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ चित्रपटात (२०१४) कॅमेरा बहुतेकदा असाच लांब आणि स्थिर असतो. मुंबईतल्या न्यायालयाचा संथपणा त्यामुळेच अंगावर येतो.

स्टुलावरून खाली बघितलं की माणूस बापुडा, जमिनीलगतून दांडगा; हे मात्र जपून वापरा, लगेच कळतं.