रानात एकट्याने राहिलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

आमच्या आजोबांचे एक चुलते होते, सगळे त्यांना रानातले आबा म्हणायचे. लग्न केलं नाही, गाव सोडून माहुलीच्या पायथ्याला जंगलाच्या कडेला खोपटं बांधून राहिले, सणावारालाही घरी यायचे नाहीत, बस एवढीच माहिती. फोटो नाही, पत्र नाही. मी कळव्यात राहतो, दोन वर्षं रजा टाकून टाकून आसनगाव लोकल पकडून शहापूरला चकरा मारल्या तेव्हा कुठे त्यांचं आयुष्य थोडंफार हाताला लागलं. त्यातून एकच गोष्ट कळली, अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या कागदांत शोधू नका, ते नसतातच, भावांच्या, शेजाऱ्यांच्या, जमीनमालकाच्या कागदांत शोधा.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून करा आणि ती आजच करा. फक्त "कोणत्या साली" असं विचारू नका, सन कुणालाच आठवत नाही, "कशाच्या आधी, कशाच्या नंतर" असं विचारा. मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ 1918, गांधीवध 1948, कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967, मोठा दुष्काळ 1972, या खुंट्यांना आठवणी बरोबर टांगल्या जातात. माझी आत्या म्हणाली मानमोडीत आबांची आई गेली आणि मग ते वर रानात गेले, झालं, मला सुरुवातीचं साल मिळालं. तिने त्यांना लहानपणी एकदाच पाहिलेलं, पहाटे खळ्यात नाचणीचं गाठोडं ठेवलं आणि कुणाशी न बोलता निघून गेले. तेव्हाच मी विचारलं की बदल्यात मीठमिरची कोण पोचवायचं, कारण पुढे तेच नाव कामाला आलं.

मग जमीन. आताचा सातबारा घ्या, त्यात वर्तुळातले आकडे दिसतील ते फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, तिचे नंबर, आणि कंसातली नावं म्हणजे कमी झालेली माणसं. प्रत्येक फेरफार (गाव नमुना 6) काढत मागे मागे जा. सगळ्यात मोलाची असते वारस नोंद, कारण बाप मेला की तलाठी सगळ्या मुलांची नावं लिहितो, घरात राहणारा असो नाहीतर रानात, काही नोंदींत वयंही मिळतात. सरकारच्या "आपले अभिलेख" पोर्टलवर ठाण्याचे बरेच जुने फेरफार स्कॅन केलेले आहेत, तिथे आधी बघा, नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. आणि जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर वेगळा असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझे दोन महिने भलत्याच शेताच्या मागे गेले, म्हणून आधी तलाठ्याकडून दोन्ही नंबरांचा मेळ घालून घ्या.

जिल्ह्याचंही बघा. वाडा, जव्हार, डहाणू 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाण्यातच होते, आता पालघर. नवी मुंबईतले असाल आणि मूळ गाव पनवेल-उरणकडचं असेल तर जुन्या कागदांवर जिल्हा कुलाबा लिहिलेला असेल, रायगड नाव 1981 पासूनचं. सिडकोने जमीन घेतली असेल तर भूसंपादनाचे कागदही मागा, त्यातही सगळ्या हिस्सेदारांची नावं सापडतात.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात, मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही नसतो, तेव्हा अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्याला पैसे देऊन वाचून घ्या. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम झाली तेव्हा अशी पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आली, तुमची जात कुठलीही असो, आपल्या गावाची पानं चाळा. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की वंशावळ निघते, तिथे एक दिवस ठेवाच.

आता जे मला सगळ्यात उशिरा सुचलं ते. मीठमिरची पोचवणाऱ्या घराच्या जमिनीचा जुना सातबारा काढला आणि "इतर हक्क" या रकान्यात, कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणून, आबांचं नाव! ज्यांचा कुणाशी संबंध नव्हता म्हणतात ते त्याच घराच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी लावत होते. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं, पण त्याने जमिनीची द्यायची किंमत ठरवायला त्या कायद्याच्या कलम 32ग ची चौकशी व्हायची आणि कुळाला समोर बोलवून जबाब घ्यायचे. म्हणजे आयुष्यभर न बोललेल्या माणसालाही तिथे बोलावं लागलं. मी कुळवहिवाट शाखेत अर्ज केला, चौथ्या खेपेला फाईल निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या. जबाब तीन ओळींचा. जमीन मी कसतो हे खरे आहे. मला विकत घेणे नाही. माझ्यामागे कोणी नाही. खाली निशाणी डावा अंगठा, शाई थोडी पसरलेली.

तर तुमच्या माणसाचं नाव कुणाच्याही इतर हक्कात दिसलं तर फक्त आदेशाची नक्कल मागू नका, आदेशात नुसतं "कुळाने नकार दिला" एवढंच असतं. पूर्ण फाईलची नक्कल मागा, जबाब आतल्या पानात असतो.