ओव्हनच्या काचेजवळ नेलेला हात: स्वयंपाकघरातल्या स्मार्ट उपकरणांचं ॲप घडवताना

खऱ्या ओव्हनवरच्या पहिल्या चाचणीला आलेल्या एक बाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी फोनवर १८० अंश निवडले, ‘सुरू करा’ दाबलं, स्क्रीनवर ‘ओव्हन सुरू आहे’ असं आलं. मग त्यांनी फोन ओट्यावर ठेवला, चार पावलं चालत ओव्हनपाशी गेल्या आणि दाराच्या काचेजवळ तळहात नेला. परत आल्या. मिनिटभराने पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मी विचारलं, “काय बघताय?”

“खरंच तापतोय का ते.”

माझ्या वहीत त्या कामापुढे ‘पूर्ण’ अशी खूण झालेली होती. एकही चूक नाही, मदत लागली नाही. वहीप्रमाणे सगळं सुरळीत होतं आणि बाईंचा मात्र ॲपवर विश्वास बसलेला नव्हता. पुढचे कितीतरी महिने आमच्या टीमने जे काम केलं, ते सगळं त्या तीन फेऱ्यांमधून निघालं. खरेदीचं, तिकिटांचं किंवा बातम्यांचं ॲप करून उपकरणांच्या ॲपचं डिझाइन करायला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण मीही तिथूनच आले.

तशा ॲपमध्ये बटण दाबलं की काम झालं, असं धरून चालण्याची आपल्याला सवय लागते. इथे फोनच्या बाहेर एक यंत्र आहे, ते तापतं, फिरतं, आणि बऱ्याचदा दुसऱ्या खोलीत असतं. तुम्ही ‘सुरू करा’ दाबता तेव्हा निरोप फोनकडून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून घरच्या राउटरमार्गे ओव्हनकडे, आणि ‘मिळाला’ हा उलट निरोप त्याच वाटेने परत येतो. मध्ये कुठेही खोळंबा होऊ शकतो. म्हणूनच डेव्हलपर मंडळी दोन वेगळ्या नोंदी ठेवतात: माणसाने काय मागितलं आणि यंत्राने काय कळवलं. आमच्या पहिल्या स्क्रीनवर या दोन्हींची सरमिसळ होती. बोट टेकताच आम्ही ‘सुरू आहे’ दाखवायचो, कारण त्याने ॲप चपळ वाटतं. चाचणीत एकदा वाय-फाय तुटलं आणि ओव्हन थंडगार असताना फोन ‘सुरू आहे’ म्हणत राहिला. त्या घरातल्या गृहस्थांनी पुढची सगळी कामं ओव्हनवरच्या बटणांनीच केली. आम्ही फोन पुढे केला की ते शांतपणे बाजूला ठेवायचे.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या वेळेच्या तीन मर्यादा डिझाइन शिकताना सगळेच पाठ करतात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. आमचा निरोप जाऊन यायला दोन ते चार सेकंद लागत. म्हणजे बटण दाबलं गेलं हे लगेच दिसायला हवं, पण ओव्हन सुरू झाला हे तेवढ्यात सांगता येत नाही. आम्ही एका शब्दाच्या जागी तीन पायऱ्या केल्या: ‘ओव्हनला कळवतोय’, मग ‘ओव्हनने ऐकलं’, मग ‘तापतोय, आत्ता ४५ अंश’. तिसऱ्या पायरीवरचा आकडा यंत्राच्या सेन्सरवरून येतो आणि डोळ्यांदेखत वाढतो. हा आकडा सगळ्यात उपयोगी ठरला. आधी आम्ही तिथे ‘८ मिनिटं बाकी’ असा अंदाज दाखवत होतो. तो अंदाज कधी एक मिनिटावर येऊन थांबायचा, कधी मागे जायचा, आणि माणसं वैतागायची. तापमान खरं असतं, म्हणून ते पटतं.

‘बंद करा’ या बटणाच्या बाबतीत तर तडजोडच नको. यंत्राकडून होकार येईपर्यंत ‘बंद झालं’ हे शब्द स्क्रीनवर येता कामा नयेत. होकार आला नाही तर स्पष्ट सांगा: ‘ओव्हनशी संपर्क होत नाही. तो अजून चालू असू शकतो.’ हे वाक्य लिहिताना टीममधल्या काहींना ते घाबरवणारं वाटलं होतं. मला ते आजही बरोबर वाटतं. घराबाहेर पडलेल्या माणसाला त्या क्षणी खोटा दिलासा देणं फार वाईट.

सुरक्षेच्या नियमांशी नव्या डिझायनरची गाठ इथेच पडते. बऱ्याच ओव्हनना दुरून सुरू करायचं असेल तर आधी ओव्हनपाशी जाऊन रिमोट स्टार्टचं बटण दाबावं लागतं, आणि दार उघडलं की ती परवानगी रद्द होते. मला आधी हा अडथळा वाटला, तो काढून टाका असं मी सुचवलंही. मग सुरक्षा बघणाऱ्या इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला: शेवटचं दार उघडल्यानंतर आत कोणी काय ठेवलंय हे फोनला कसं कळणार? मी सूचना मागे घेतली. आमचं काम त्या पायरीचं कारण समजावण्याचं होतं. ‘रिमोट स्टार्ट उपलब्ध नाही’ या संदेशाने सगळे अडले होते. ‘आत काय आहे ते एकदा बघा आणि ओव्हनवरचं रिमोट स्टार्ट दाबा. दार उघडलंत तर पुन्हा दाबावं लागेल’ असं लिहिल्यावर तक्रार जवळजवळ थांबली. उपकरणाच्या प्रकल्पावर आलात की पहिल्याच आठवड्यात हार्डवेअर आणि सुरक्षेच्या माणसांसोबत बसा. ते ‘हे करता येणार नाही’ म्हणतात तेव्हा कारण विचारा आणि लिहून ठेवा. पुढे स्क्रीनवरचा मजकूर त्या कारणातूनच तयार होतो.

आता चाचणीबद्दल. आमच्याकडे सुरुवातीला चालू ओव्हन नव्हताच. पुठ्ठ्याचा दर्शनी भाग कापला, डिस्प्लेच्या जागी एक जुना फोन बसवला आणि पडद्याआड एक सहकारी लॅपटॉप घेऊन बसला. समोरच्याने ॲपवर काही दाबलं की तो हाताने ‘ओव्हन’चा डिस्प्ले बदलायचा. या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात, आणि १९८० च्या आसपासपासून ती संगणकक्षेत्रात वापरात आहे. नव्याने शिकणाऱ्याने ती नक्की करून बघावी, खर्च काहीच नाही. एक काळजी घ्या: पडद्याआडचा माणूस उत्साहाच्या भरात फार लवकर उत्तर देतो. आम्ही त्याला घड्याळ दिलं आणि सांगितलं, चार सेकंद थांबायचं, आणि दर पाचव्या वेळी उत्तरच द्यायचं नाही. बिघाड मुद्दाम घडवला नाही तर बिघाडाचे स्क्रीन तपासायचे राहून जातात.

पुढची फेरी खऱ्या स्वयंपाकघरांत केली, आणि टेबलावर जे कधीच दिसलं नव्हतं ते पहिल्या अर्ध्या तासात दिसलं. पीठ मळणाऱ्या आजी फोनकडे बघत उभ्या राहिल्या, दोन्ही हात पिठात. मग कोपराने स्क्रीन दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा करंगळीचं टोक वापरलं. आमचं ‘आणखी ५ मिनिटं’ हे बटण त्या करंगळीला लहान पडलं आणि शेजारचं ‘रद्द करा’ दाबलं गेलं. आजी नुसत्या “अगं बाई” म्हणाल्या. मला मात्र वाईट वाटलं, कारण दोन बटणं शेजारी ठेवण्याचा निर्णय माझा होता.

वेब सुलभतेच्या नियमावलीची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिच्यात बोट टेकवायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. ॲपलची मार्गदर्शक सूचना ४४ पॉइंटची, अँड्रॉइडची ४८ डीपीची (ही दोन्ही स्क्रीनवरच्या आकाराची मापं). कोरड्या हातांना आणि फोन हातात धरलेल्या माणसाला हे पुरतं. ओट्यावर हातभर अंतरावर ठेवलेल्या फोनसाठी, ओल्या बोटांसाठी आम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट गेलो. ओलं बोट टचस्क्रीनला नीट कळतच नाही, हे शाळेत न शिकवता सगळ्यांना माहीत असतं, तरी डिझाइन करताना ते आठवत नाही. पदार्थ शिजत असतानाच्या स्क्रीनवर शेवटी दोनच बटणं उरली, एक वर आणि एक अगदी खाली. बाकी सगळं आत गेलं.

आणखी एक गोष्ट घरांतच कळली. चार शेगड्यांच्या कुकटॉपसाठी आम्ही १, २, ३, ४ अशी यादी केली होती. लोक यादी वाचत, मान वर करून शेगडीकडे बघत, पुन्हा खाली बघत. कोणतं बटण कोणत्या शेगडीचं, यावर १९५९ मध्येच शापानिस आणि लिंडेनबॉम या संशोधकांनी प्रयोग केला होता: बटणांची मांडणी शेगड्यांच्या मांडणीशी जुळली की चुका घटतात. यादी काढून आम्ही वरून दिसणारं चित्र ठेवलं आणि मान वर-खाली होणं थांबलं.

किती लोकांवर चाचणी करायची, हा प्रश्न मला नवीन मुलं हमखास विचारतात. पाच हा आकडा निल्सन यांच्या २०००च्या लेखामुळे सगळीकडे पसरला. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, हे त्यामागचं गणित. पण हे पाच जण साधारण एकाच प्रकारचे वापरणारे असायला हवेत. रोज रांधणारी व्यक्ती आणि आठवड्यातून एकदा ओव्हन लावणारा विद्यार्थी यांच्या अडचणी वेगळ्या. आम्ही प्रत्येक गटातले तीन-चार घ्यायचो, दुरुस्ती करायचो, पुन्हा नवे तीन-चार. एकाच मोठ्या फेरीपेक्षा हे मला कितीतरी चांगलं वाटतं.

काम सांगताना शब्द जपा. मी एकदा लिहिलं होतं: ‘ओव्हन १८० अंशांवर प्रीहीट करा’, म्हणजे आधीच तापवून ठेवा. सगळ्यांना बटण पटकन सापडलं, कारण बटणावरही ‘प्रीहीट’च होतं. नंतर मी म्हटलं, “तुम्ही अजून बाहेर आहात, घरी पोचल्यावर लगेच ट्रे आत सरकवायचाय.” निम्मे लोक टायमरमध्ये गेले. पहिल्या वाक्याने मी त्यांना उत्तर आधीच दिलं होतं.

समोरच्याला मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. तो अडला की मनात दहा आकडे मोजा, मगच तोंड उघडा. धूर ओढणाऱ्या चिमणीचा आवाज चालू असतो, त्यामुळे माइक जवळ हवा. कॅमेरा स्क्रीनवर एक आणि ओट्यावर एक असा लावा, दुसरा जास्त महत्त्वाचा. वहीत मी तीन रकाने करते: काय म्हणाले, काय केलं, कुठे बघितलं. तिसरा रकाना त्या काचेजवळच्या हातानंतर आला. कोणाच्या घरात जाताना चित्रीकरणाची परवानगी लेखी घ्या, आणि काय दिसू नये ते आधीच विचारा. स्वयंपाकघर ही खाजगी जागा आहे.

उपकरण पहिल्यांदा फोनला जोडणं हा सगळ्यात रखडणारा भाग. बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात आणि फोन ५ वर असतो. जोडणीचा क्यूआर कोड उपकरणाच्या मागे चिकटवलेला असतो, आणि उपकरण एव्हाना भिंतीला टेकलेलं. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथने आजूबाजूची उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी लागायची, आणि “ओव्हनला माझा पत्ता कशाला?” हा प्रश्न आम्ही घराघरांत ऐकला. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून घरच्या नेटवर्कसाठी परवानगीची चौकट येते, तिला नकार मिळाला की ॲपला स्थानिक नेटवर्कवर उपकरण सापडत नाही. या चौकटी आपल्याला बदलता येत नाहीत, पण त्यांच्या आधीचा स्क्रीन आपला असतो. तिथे दोन ओळींत कारण सांगा. प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या कच्च्या नमुन्यात, हा भाग सहसा वगळतात, तुम्ही वगळू नका.

घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठीचं मॅटर नावाचं सामाईक मानकही बघून ठेवा. २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि मे २०२४ च्या १.३ मध्ये ओव्हन, मायक्रोवेव्ह, कुकटॉप त्यात आले. कोणतं उपकरण कोणती स्थिती कळवू शकतं हे त्यात लिहिलेलं असतं. यंत्र जे कळवूच शकत नाही ते स्क्रीनवर रेखाटण्यात माझे दोन आठवडे गेलेत.

टायमर नेहमी यंत्रात चालला पाहिजे, फोनमध्ये नाही. नोटिफिकेशन पोचेलच याची हमी कोणीच देत नाही, म्हणून यंत्राची शिट्टी हवीच. आणि ‘१२ मिनिटं बाकी’सोबत ‘७:४० ला होईल’ हेही दाखवा. तीन भांडी एकदम सांभाळणारा माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हिशेब करतो.

अजून नोकरी नसेल तर घरात किंवा ओळखीत जे उपकरण असेल ते घ्या, ॲप नसलं तरी चालेल. तीन जणांना ते पहिल्यांदा वापरताना बघा आणि तीन रकाने भरा. मुलाखतीत मी उमेदवाराचे सुंदर स्क्रीन बघते, पण त्याआधी ती वही मागते. त्यात ‘इथे ती थांबली आणि यंत्राकडे बघत राहिली’ अशी एक ओळ सापडली की आम्ही पुढचा अर्धा तास त्या ओळीवरच बोलतो.

त्या पहिल्या बाई दुसऱ्या फेरीलाही आल्या होत्या. ‘सुरू करा’ दाबलं, तापमान चढताना बघितलं, ६० अंशांपर्यंत नजर फोनवरच होती. मग भाजी चिरायला घेतली. मध्ये एकदा उठून काचेजवळ हात नेलाच, आणि तो मी तिसऱ्या रकान्यात लिहून घेतला.