शिसं शोधताना आधी खिडकी बघा

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुनं घर असेल तर विषारी शिशाचा शोध खिडकीपासून सुरू करा. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 मध्ये. त्याआधीचा ऑइलपेंट संशयितच धरा. झडप उघडता-मिटता घासून पडणारी भुकटी रांगत्या पोराच्या बोटांवाटे तोंडात जाते. ती झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पॉलिश पेपर तर मारूच नका! घरातलं कोणी बॅटरी-भंगाराच्या कामावरून येत असेल तर कपडे दारातच बदलून वेगळे धुवा. सुरमा, सुटी पिवळीधमक हळद, भेसळीच्या कथलाची कल्हई हेही तपासा. शंका असेल तर डॉक्टरांना सांगून पोराच्या शिरेतल्या रक्तातल्या शिशाची तपासणी करा; 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं, तर घर पुन्हा धुंडाळा.