इलेक्ट्रिक चोक: वायर कुठून घ्यायची, इथेच खरी मेख

कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या) बाजूला इलेक्ट्रिक चोकची गोल काळी टोपी दिसते, तिच्या आत बायमेटलची (दोन धातूंच्या जोडपट्टीची) गुंडाळी आणि शेजारी तापणारा छोटा हीटर असतो. थंड असताना गुंडाळी चोकची झडप मिटून धरते, हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. हीटरला 12 व्होल्ट मिळाले की गुंडाळी तापून सैल पडते आणि काही मिनिटांत झडप उभी होऊन उघडते. इंजिन किती तापले हे या चोकला फारसे कळत नाही, त्याला कळते ते मुख्यतः वीज किती वेळ मिळाली एवढेच. नवख्यांच्या निम्म्या अडचणी हे न उमगल्यामुळे होतात.

म्हणून किल्ली ऑन करून गप्पा मारत बसू नये. इंजिन बंद असतानाही हीटर तापतो, झडप उघडते आणि मग थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते. यावर पक्का उपाय म्हणजे ऑइल प्रेशर स्विचमधून रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवणे. मात्र ऑइलच्या दिव्याचा नेहमीचा स्विच इथे चालत नाही. तो दाब नसताना जोडलेला असतो, आपल्याला हवे नेमके उलटे. दाब आल्यावर जोडणारा वेगळा स्विच घ्यावा लागतो.

रिलेची जोडणी पिनांच्या क्रमांकांनुसार अशी: बॅटरीपासून फ्यूजमार्गे 30 ला, 87 पासून चोकच्या पिनला, 86 ला इग्निशनची वायर आणि 85 अर्थला (गाडीच्या धातूच्या अंगाला). ऑइल स्विच 86 च्या वायरीत मध्ये घालायचा. रिले नको असेल तर फ्यूज बॉक्समधली किल्लीवर चालणारी, पूर्ण 12 व्होल्टची जागा शोधा. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची पुरते. फ्यूज चोकच्या माहितीपत्रकात सांगितला असेल तोच बसवा.

इग्निशन कॉइलच्या प्लस टोकावरून वायर मात्र घेऊ नका. जवळ असते, सोपे वाटते, म्हणून सगळे तिथेच घेतात. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारे व्होल्ट कमी करणारा रोध) असलेल्या गाडीत तिथे पूर्ण 12 व्होल्ट नसतात. चोक अर्धवट तापतो, उशिरा उघडतो आणि वर ठिणगीही कमजोर होते. मग काळा धूर, काजळलेले प्लग आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी! काही गाड्यांत चोकची वायर मुळातच अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) स्टेटर टोकाला असते. तिथे जेमतेम 7 व्होल्ट मिळतात आणि टोपीही त्याच हिशेबाची असते, तेव्हा तिला 12 व्होल्ट देऊ नका.

अर्थचेही पाहा. टोपीला एकच पिन असेल तर अर्थ कार्ब्युरेटरच्या अंगातून मिळतो. अशा वेळी टोपीखाली गॅस्केट (सांध्यातली पातळ चकती) घातले की परतीचा रस्ता तुटू शकतो. पिना दोन असतील तर दुसरी थेट इंजिनच्या धातूला जोडा.

टोपी बसवताना आतल्या लिव्हरचे टोक गुंडाळीच्या आकड्यात अडकले पाहिजे. ते निसटले तर टोपी कितीही फिरवा, झडप हलणार नाही. सेटिंग पूर्ण थंड इंजिनवरच करायचे: तीन स्क्रू सैल करा, अॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडा म्हणजे फास्ट आयडल कॅम (थंड इंजिनचा वेग वाढवून धरणारा भाग) मोकळा होतो, मग झडप हलकेच मिटेपर्यंत टोपी फिरवा. स्क्रू आवळून इंजिन सुरू करा. सुरू होताच इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्राम (लवचीक पडदा) झडप थोडीशी उघडतो. तो फाटला असेल तर इंजिन पेटते आणि लगेच पेट्रोलने गुदमरते. पुढचे फेरफार टोपीवरच्या एकेका रेघेनेच करा, आणि प्रत्येक वेळी इंजिन पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या. हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

वीज पोचते का, हे इंजिन चालू असताना मल्टीमीटर चोकच्या पिनेवर लावून पाहा. पूर्ण व्होल्ट दिसूनही टोपी थंडच राहिली, तर आधी अर्थ तपासा आणि मगच नवी टोपी आणा.