समुद्राकाठी फ्लॅट घेताय? आधी सॅटेलाइट मॅप असा बघा

मावसभावाला मुंबईत खाडीजवळ फ्लॅट घ्यायचाय, समुद्र वाढला तर काय होईल म्हणून फोन केला. म्हटलं मी सांगलीचा, 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं बघितलंय (धोक्याची पातळी 45), मलाच विचार.

पहिलं, कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे. जागेवर कर्सर नेला की खाली उंची दिसते. पण त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. आता फुकट मिळणारा एसआरटीएम हा जमिनीच्या उंचीचा डेटाच बघा ना, तो 2000 साली नासाच्या स्पेस शटलवरच्या रडारनं मोजलेला, एकेक चौकोन 30 मीटरचा, आणि रडारला दाट वस्तीत जमिनीऐवजी गच्ची नि झाडांचे शेंडे लागतात, त्यामुळं खारफुटीतली सखल जागा पण नकाशात उंच वाटते. ही चूक कमी केलेला नकाशा क्लायमेट सेंट्रल या हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर आहे, तिथं पाण्याची पातळी वरखाली करता येते.

आता जागेच्या उंचीशी ताडायला पाण्याची पातळी किती धरायची? इथंच लोक गंडतात. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची जागतिक समिती, तिच्या 2021 च्या रिपोर्टात कार्बनचं प्रदूषण फारच वाढलं तर 2100 पर्यंत 0.63 ते 1.01 मीटर वाढ धरलीय, मग लोक म्हणतात एक मीटरच ना! अरे पण भरती कोण धरणार? मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मात्र तो आकडा सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजलेला असतो, समुद्राची सरासरी पातळी त्याच्यावर अडीच मीटर. म्हणजे सरासरीपेक्षा दोन मीटर भरती अधिक एक मीटर वाढ, झाले तीन. वारं, लाटा वेगळ्याच.

मग नाले बघा, हे सांगलीकराला शिकवायला नको, नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं पेठेत शिरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला आणि वर भरती, पाण्याला जायला वाटच नव्हती. नकाशावर नाला खाडीला कुठं मिळतो ते बोटानं शोधा, नकाशाला बांध नि पंप कळत नाहीत, ते जाऊनच बघावं लागतं.

शेवटी गुगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाचं बटण दाबून जुने फोटो बघा. भावाच्या बिल्डिंगच्या जागी मिठागर निघालं! तो म्हणतो सातवा मजला घेतोय ना. म्हटलं गाडी कुठं लावणार, आणि लिफ्टचं मीटर कुठाय ते आधी विचार.