एलईडी मॉनिटर नवा, सवयी जुन्या डब्याच्या: या चुका टाळा

खोक्यावर ‘एलईडी’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. पडदाच एलईडीचा आहे, असं बहुतेकांना वाटतं. पण पुढचा पडदा एलसीडीच असतो, म्हणजे मागचा उजेड ठिपक्याठिपक्याला अडवून-सोडून चित्र दाखवणारा; बदललाय तो फक्त मागचा दिवा. आधीच्या एलसीडीत मागे सीसीएफएलच्या बारीक नळ्या असत, ट्यूबलाइटच्या धाकट्या बहिणीच म्हणा. आत पारा, त्या पेटवायला जास्त व्होल्टेज देणारा वेगळा इन्व्हर्टर, चालू केल्यावर पूर्ण उजेड यायला काही मिनिटं आणि वर्षं सरली की पिवळट झाक. एलईडीने ही कटकट संपवली. बटण दाबताच पूर्ण उजेड येतो, वीज कमी लागते, पारा नाही, मॉनिटरही सडपातळ झाला.

पण बाजूने पाहिल्यावर चित्र फिकं पडेल का, काळा रंग किती काळा दिसेल, हे मुख्यतः पॅनेलवर, म्हणजे त्या पुढच्या एलसीडी पडद्याच्या प्रकारावर ठरतं: टीएन, व्हीए की आयपीएस. नुसतं ‘एलईडी’ वाचून मॉनिटर घेणं ही पहिली चूक, आणि ती नंतर कुठल्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही.

ब्राइटनेस शंभरावर

नवा मॉनिटर बऱ्याचदा भडक उजेड लावूनच येतो. सीसीएफएलच्या जुन्या, मंदावलेल्या पडद्यावरून उठून यासमोर बसलं की डोळे चुरचुरतात आणि खापर ‘एलईडीच्या निळ्या प्रकाशा’वर फुटतं. पांढऱ्या एलईडीत निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारा लेप) असतं, त्यामुळे निळा भाग असतो हे खरं. पण आधी एक पांढरा कागद पडद्याशेजारी धरा. पडद्यावरचं कोरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं उजळ दिसत असेल, तर दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बहुतेकांची तक्रार इथेच मिटते.

काहींची मात्र उलट वाढते, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कित्येक मॉनिटर उजेड खरोखर कमी करत नाहीत. ते दिवा सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात आणि बंदचा वेळ वाढवत नेतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हीच युक्ती सीसीएफएलमध्येही होती, पण नळीतलं फॉस्फर क्षणभर तेवत राहायचं, त्यामुळे लुकलुक बोथट व्हायची. एलईडी मात्र तत्क्षणी विझतो. नेमका तोच त्याचा गुण इथे डोक्यावर बसतो: संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं आणि कारण सापडत नाही.

तपासायला उपकरण लागत नाही. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस २० वर आणा, खोलीतले दिवे मालवा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर डावी-उजवीकडे हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पाच-सात पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतोय. ब्राइटनेस हळूहळू वाढवत न्या. बऱ्याच मॉनिटरांत शंभराच्या जवळ लुकलुक थांबते. मग मॉनिटरचा ब्राइटनेस तिथेच ठेवून ग्राफिक्स ड्रायव्हरमधून (संगणकातल्या चित्राच्या सेटिंगमधून) चित्र थोडं मंद करा, रंगांच्या काही सूक्ष्म छटा गेल्या तरी चालेल. नवा घ्यायचाच असेल तर ‘फ्लिकर-फ्री’ म्हणजे न लुकलुकणारा पाहून घ्या.

सीआरटीच्या सवयी

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) १०२४ बाय ७६८ वर आणणं सीआरटीला, म्हणजे काचेच्या जुन्या डबा मॉनिटरला, चालून जायचं. १९२० बाय १०८० च्या पॅनेलला ठिपके ठरलेले असतात, तिथे तसं केलं की अक्षरं पुसट होतात. रिझोल्यूशन मूळ ठेवा आणि स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हांचा आकार, १२५ टक्के करा. वीज वाचावी म्हणून काळा वॉलपेपर किंवा स्क्रीनसेव्हर लावण्यातही अर्थ नाही. साध्या एलईडी मॉनिटरात पडदा काळा असला तरी मागचा दिवा जळतच असतो. पाच-दहा मिनिटांनी डिस्प्ले बंद व्हायची वेळ लावा, झालं.

काळा रंग राखाडी दिसतो म्हणून मॉनिटर परत करायला निघाला असाल तर थांबा. एचडीएमआय केबलवर कधीकधी रंगांची रेंज ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ अशी ‘लिमिटेड’ लागते, म्हणून काळाही राखाडी होतो. ती ड्रायव्हरमध्ये ‘फुल’ करून पाहा. अंधारात फक्त कडांशी उजेड झिरपत असेल तर मात्र तो कडेला एलईडी पट्टी लावण्याच्या पद्धतीचा दोष, सेटिंगने जात नाही.

पडदा काळा, पण पॅनेल जिवंत

माझा एक मॉनिटर दोन सेकंद चित्र दाखवून काळा व्हायचा. दुरुस्तीवाल्याने न उघडताच ‘पॅनेल गेलं’ असा निकाल दिला. घरी आणून अंधारात चालू केला आणि पडद्यावर तिरका टॉर्च मारला, तर डेस्कटॉपवरचे फोल्डर भुतासारखे अंधुक दिसत होते. म्हणजे चित्र येत होतं, फक्त मागचा दिवा विझत होता. एलईडी एकामागोमाग एक अशा माळेत जोडलेले असतात; एक तुटला की अख्खी माळ जाते आणि बिघाड ओळखून सर्किट उजेड बंद करतं. दोष पट्टीत असेल किंवा तिला वीज देणाऱ्या बोर्डात. दोन्ही बदलता येतात, मात्र पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा साठा राहतो, त्यामुळे स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. दुसऱ्या तंत्रज्ञाकडे गेलो तेव्हा मी टॉर्चही सोबत नेला होता.